पाठीवर अडीच किलो हवा

हवेला वजन असतं हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. स्कूबाची टाकी भरलेली असताना काट्यावर ठेवा आणि रिकामी झाल्यावर पुन्हा ठेवा. फरक अडीच किलोहून जास्त निघेल, आणि तो सगळा निव्वळ हवेचा असेल. जगभरच्या डाइव्ह सेंटरांत सर्रास दिसणारी अल्युमिनियमची टाकी आतून जेमतेम ११ लिटरची. त्यात २०० बारपेक्षा जास्त दाबानं कोंबलेली हवा मोकळी केली, तर ती भरते सुमारे २,२०० लिटर. घरातली दोन लोखंडी कपाटं गच्च भरून वर उरेल, एवढी हवा माणूस पाठीला बांधून पाण्यात उतरतो!

मालवणला होडीत बसताना कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, ऑक्सिजन पुरेल ना?" दादा मान हलवतात, कारण प्रत्येकाला समजावत बसायला त्यांना वेळ नसतो. टाकीत ऑक्सिजन नसतोच. आपण घाटात, बाजारात, स्वयंपाकघरात घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून आत भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली शरीराला विषासारखा बाधू शकतो, पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणजे ज्या वायूवर आपण जगतो, तो निखळ स्वरूपात चार माणूस खोलीवरसुद्धा चालत नाही. नवी माहिती कितीही वाचली तरी मला याचंच सर्वांत जास्त नवल वाटतं.

हवा किती वेळ पुरेल, हे टाकी एकटी ठरवत नाही. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणानं वाढतो. छाती त्या दाबाविरुद्ध फुलायची, तर आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी. हे काम तोंडातला रेग्युलेटर करतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलचा दुष्काळ होता आणि एमिल गान्यां हा इंजिनियर गॅसवर गाड्या चालवण्यासाठी एका झडपेवर काम करत होता. ओढाल तेवढाच गॅस सोडणारी ती झडप जाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या कामी आली आणि १९४३ मध्ये दोघांनी तिच्यातून पाण्याखाली श्वास घेण्याचं साधन घडवलं. आज तारकर्लीत आपल्या दातांत धरलेला तुकडा त्याच घराण्यातला.

पण हिशेब इथेच फिरतो. किनाऱ्यावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस १० मीटरवर ४० लिटर घेतो, २० मीटरवर ६०. श्वास तेवढेच, पण प्रत्येक श्वासात हवा दुप्पट-तिप्पट दाटलेली. टाकीतले शेवटचे ५० बार राखीव ठेवायचे असा दंडक आहे. ते वजा करून उरतात साधारण १,६५० लिटर. म्हणजे १० मीटरवर चाळीस मिनिटं आणि २० मीटरवर सत्तावीसच. त्यात नवखा माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, मिनिटाला तीस लिटर सहज ओढतो, आणि टाकी डोळ्यांदेखत उतरते.

मग मोठी टाकी घ्यावी का? मालवणला बहुतेक जण जी पंधरा-वीस मिनिटांची, सात-आठ मीटरची पहिली बुडी घेतात, तिच्यात धापा टाकल्या तरी टाकी निम्म्याच्या आसपासच संपते. तिथे मापाची चौकशी करणं म्हणजे वेळ घालवणं. अंदमानात कोर्स करून १८ मीटरवर जाणार असाल, तर मात्र विचारा. गटात ज्याची हवा आधी संपते त्याच्यासाठी सगळे लवकर वर येतात, आणि थोराड बांध्याच्या माणसावर ही वेळ वारंवार येते. अशांनी १२ किंवा १५ लिटरची पोलादी टाकी आहे का, ते आधीच पाहावं. किरकोळ अंगाच्या व्यक्तीनं मात्र हौसेनं मोठं ओझं घेऊ नये. आणखी एक गंमत: अल्युमिनियमची टाकी भरलेली असताना पाण्यात बुडते आणि रिकामी होत आली की तरंगू पाहते. बुडीच्या शेवटी माणूस आपोआप वर ओढला जाऊ नये म्हणून कमरेला शिशाचं वजन आधीच जास्त लावतात. पोलादी टाकी हा चाळा करत नाही.

टाकीचा खांदा नीट पाहिलात तर त्यावर आकडे ठोकलेले दिसतील: धातू, चालू दाब, पाण्याच्या चाचणीची तारीख. या चाचणीत टाकी नेहमीच्या दाबाहून जास्त दाबाला ताणून पाहतात. भारतात दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब! आकडे पाहून झाले की रेग्युलेटर तोंडात धरून चार श्वास घ्या आणि नजर दाबाच्या काट्यावर ठेवा. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली डुलत असेल, तर टाकीची झडप पुरती उघडलेली नाही. हवेला तेलाचा किंवा डिझेलचा वास आला तर सरळ नाही म्हणा. कॉम्प्रेसरनं इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

माझ्या मते निवड टाकीची कमी आणि माणसाची जास्त असते. मालवणच्या रस्त्यावरच्या पाट्यांवर स्कूबा, पॅरासेलिंग आणि बनाना राइड एकाच पॅकेजात असतात, वर फोटो-व्हिडिओ फुकट. भाव करताना शंभर-दोनशेवर घासाघीस करण्याऐवजी एवढं विचारा: पाण्यात माझ्यासोबत कोण असेल आणि त्याच्या हाती किती जण असतील? 'पाडी' या संस्थेच्या नियमानुसार अशा पहिल्या बुडीत एका प्रशिक्षकामागे फार तर चार जण चालतात. एकास एक असेल तर उत्तमच. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांची विचारपूस करणारा फॉर्म पुढे आला तर कंटाळू नका. सर्दी आहे म्हणून तुम्हाला परत पाठवणारा माणूस धंद्याचं नुकसान सोसून तुमचे कान वाचवत असतो. उतरण्याआधीचं शिकवणं पाच मिनिटांत गुंडाळतात की खुणा करून घेतात, तेही बघा. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ 'झकास' नव्हे, 'वर चला' असा आहे. 'श्वास कधीही रोखू नका' हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं तर माणूस जाणता समजा. रोखलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुसाला इजा करते.

आणि हो, ऑक्सिजनबद्दल जरूर विचारा, पण तो होडीत आहे का, असं. अपघात झालाच तर प्रथमोपचार म्हणून खरा ऑक्सिजन तिथे लागतो.

राहिली गोष्ट परतीची. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि ओळीनं अनेक बुड्या घेतल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असं 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' सांगतं. हा सल्ला ६०० मीटरच्या वरच्या उंचीला धरून आहे, आणि परतीच्या वाटेवरची, घाटातली आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे. तेव्हा पाण्यातला कार्यक्रम सुट्टीच्या सुरुवातीला ठेवा, आणि शेवटच्या दुपारी बुड्या मारून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नका.