समेवर पडलेलं पाऊल

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास नागपुरात रामदासपेठेत बहिणीच्या घराखाली चौघं जमली होती. भाचा, त्याचे कॉलेजातले दोन मित्र आणि तबला विशारदची तयारी करणारी एक मैत्रीण. प्रत्येकाच्या सॅकमध्ये पातळ तळव्याचे जुने बूट, नॅपकिन, पाण्याची बाटली आणि जास्तीचा टी-शर्ट. तयारी मॅचला निघाल्यासारखी, पण जायचं होतं मॉलमधल्या गेम झोनमध्ये. "मामा, आज नुसतं पाहून नाही राहायचं, चढायचं पण आहे," भाच्याने बजावलं. सेंट्रल बाजार रोडवरून आम्ही पायीच सीताबर्डीकडे निघालो. वाटेत तर्री पोहे खाल्ले, पण दोघांत एक प्लेट. पोट जड असलं की पाय उचलत नाहीत, हा या मंडळींचा अनुभव.

गेम झोनच्या कोपऱ्यात ते यंत्र उभं होतं. समोर पडदा, खाली दोघांना शेजारी शेजारी नाचता येईल असा लोखंडी चौथरा, मागे धरायला दांडी. प्रत्येकाच्या पायाखाली पाच पाट्या, चार कोपऱ्यांत चार तिरपे बाण आणि मधोमध पाचवी. गाणं सुरू झालं की पडद्यावर बाण खालून वर सरकतात. ते वरच्या ठरलेल्या खुणेवर पोचतात त्याच क्षणी त्या पाटीवर पाऊल पडलं पाहिजे. पाटीखाली दाब ओळखणारे सेन्सर असतात. पाऊल कधी पडलं ते यंत्राला कळतं आणि 'परफेक्ट', 'ग्रेट', 'गुड', 'बॅड', 'मिस' असा निकाल तिथल्या तिथे लागतो.

अशा तालावरच्या खेळांचा उगम जपानमधला. 1996मध्ये मासाया मात्सुउरा यांचा 'पारप्पा द रॅपर' घरच्या प्लेस्टेशनवर आला. पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीने 'बीटमेनिया' आर्केडमध्ये उभं केलं. पाच कळा आणि डीजेच्या तबकडीसारखं एक चक्र असं त्याचं रूप होतं. 1998मध्ये त्याच कंपनीच्या 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'ने तो खेळ हातांतून पायांत उतरवला, पुढे-मागे-डावा-उजवा अशा चार बाणांनी. 1999मध्ये दक्षिण कोरियाच्या अँडामिरो कंपनीने 'पंप इट अप' आणलं. तिरपे बाण आणि मधली पाचवी पाटी ही त्याची ओळख. नामकोचा 'ताइको नो तात्सुजिन' 2001चा. त्यात खऱ्यासारखा ढोल समोर असतो. लाल खूण आली की मधोमध, निळी आली की कडेवर काठी मारायची. ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या कुणालाही तो पहिल्याच गाण्यात समजेल. सेगाच्या 2012च्या 'मायमाय'चा गोल पडदा आणि भोवतीची आठ बटणं पाहून पुष्कळांना कपडे धुण्याचं मशीन आठवतं.

हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक हिशेब करून पाहावा. गाण्याची लय मिनिटाला 150 ठोके असेल, तर दोन मात्रांमध्ये 400 मिलिसेकंद मिळतात. दुगुनीत 200, चौगुनीत 100. 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'मध्ये सर्वोच्च निकालासाठी पाऊल नेमक्या क्षणाच्या सुमारे 16-17 मिलिसेकंद आगे-मागे इतक्याच अवधीत पडावं लागतं. म्हणजे सेकंदाचा साठावा भाग अलीकडे किंवा पलीकडे. मला तरी हा रियाजच वाटतो.

तबला शिकणारी मुलगी चौथऱ्यावर चढली तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. नवखा माणूस प्रत्येक पावलानंतर मधल्या जागी परततो आणि तिथेच उशीर होतो. ती परतत नव्हती. डावा, उजवा, डावा, उजवा असे पाय आलटून-पालटून टाकत होती. बाण एकाच बाजूचे आले की कंबर वळवून एक पाय दुसऱ्याच्या पुढून नेत होती. वजन कुठल्याच पायावर रेंगाळत नव्हतं. मध्ये एक बाण चुकला तेव्हा ती त्याच्यामागे धावली नाही, पुढच्या ठोक्यावर लय धरली. खाली उतरल्यावर म्हणाली, "सम चुकली तरी ठेका सोडायचा नाही, हे सरांनी पहिल्या वर्षीच शिकवलं होतं."

माझी पाळी आली तेव्हा मी बाणांचा वेग कमी ठेवायला सांगितला. भाच्याने उलट वाढवला. "मामा, हळू ठेवले तर बाण एकमेकांना चिकटून येतात, वाचताच येत नाही. वेग वाढवला की मधलं अंतर वाढतं. गाण्याची लय तीच राहते." तसंच झालं. दाटीवाटीने लिहिलेली ओळ कुणीतरी सुटी करून दिल्यासारखी वाटली. दुसऱ्या गाण्यात डोळे पडद्यावर असतानाही पाय कानांचं ऐकू लागले. मिरवणुकीत संदलच्या वाद्यांमागे नाचलेल्या नागपूरकराला हे नवीन नाही. फरक इतकाच, की तिथे गर्दी सांभाळून घेते, इथे प्रत्येक पाऊल मोजलं जातं.

आणि या मुलांची रीत! एका माणसाने एकच खेळ खेळायचा, मग रांगेत मागे. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून दांडी धरायची नाही. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आईचा हात धरून बराच वेळ पाहत होती. भाच्याच्या मित्राने आपली पाळी तिला दिली, सोपं गाणं लावलं, स्वतः शेजारच्या पाट्यांवर उभा राहून तिला पावलं दाखवली. नाव विचारलं नाही, मोबाइल बाहेर काढला नाही. गाणं संपल्यावर आई म्हणाली, "घरी ही एक जागी बसत नाही." तो म्हणाला, "काकू, इथे बसायचंच नसते नं."

व्यायाम म्हणूनही हा खेळ गंभीरपणे घेतला गेला आहे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2006मध्ये मुलांमधल्या लठ्ठपणावर उपाय म्हणून आपल्या सर्व 765 सरकारी शाळांमध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' नेण्याचं जाहीर केलं. चार गाण्यांनंतर माझा सदरा ओला झाला होता. मला तो निर्णय पटला.

दुपारी आम्ही दुसऱ्या एका गेम झोनमध्ये गेलो, तिथे मात्र मन खट्टू झालं. यंत्र तेच, पण उजवीकडची वरची पाटी मेलेली. कितीही नेमकं पाऊल टाका, निकाल 'मिस'. मूळ पडदा बिघडल्यावर त्या जागी साधा टीव्ही बसवलेला होता. असे टीव्ही चित्र दाखवण्याआधी काही मिलिसेकंद घेतात, त्यामुळे बाण गाण्याच्या मागे पडत होते. सिनेमा पाहताना हे जाणवणार नाही, इथे सगळा खेळच मोडतो. मुलांनी काउंटरवर शांतपणे सांगितलं. "चालू तर आहे," असं उत्तर आलं. कार्डातले पैसे तर गेलेच, पण त्यांना दुःख झालं ते यंत्र असं पडून असल्याचं.

परतताना सीताबर्डी ते रामदासपेठ पुन्हा पायीच आलो. चौघंही फूटपाथवर बोटांनी मांडीवर तेच गाणं वाजवत होती.

गेम झोन चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. पाट्यांखालचे सेन्सर दर महिन्याला तपासून घ्या, मूळ पडद्याच्या जागी मिळेल तो टीव्ही लावू नका, आणि खेळणाऱ्या मुलाने बिघाड सांगितला तर त्याच्यासोबत यंत्रापर्यंत जाऊन पाहा. त्या यंत्राची नस त्याच्याइतकी तुमच्या दुकानात दुसऱ्या कुणाला कळत नाही.