‘न’ म्हणा आणि जीभ बघा

आधी एक काम करा. ‘न’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘न्’वरच थांबा. जिभेचं टोक कुठे आहे? वर, दातांच्या मागे चिकटलंय ना? आणि बाकीची जीभ खाली पसरलेली. आता डावीकडे तोंड केलेल्या माणसाची ही जीभ कागदावर काढा. छोटी उभी रेघ, आणि तिच्या पायथ्यापासून उजवीकडे निघालेली आडवी रेघ. झालं! तुम्ही कोरियन ‘न’ लिहिलात.

ही कल्पना सेजोंग नावाच्या राजाची. तो आजही भेटतो, दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात. सोनेरी पुतळा, ऐसपैस बसलेला, हातात पुस्तक. दर ९ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात हंगुल दिवस साजरा होतो. हंगुल म्हणजे कोरियन लिपी. लिपीचा वाढदिवसच म्हणा ना! चौकात फिरायला तिकीट नाही. मागच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याला असतं, पण हानबोक हा पारंपरिक पोशाख घालून गेलात तर तिथेही फुकट. (१९९१ ते २०१२ हंगुल दिवसाची सुट्टी बंद होती, २०१३ला परत मिळाली. मुलं किती खूश झाली असतील, हे मी तुम्हाला काय सांगणार!)

पूर्वी कोरियात चिनी चिन्हांनी लिहीत. ती हजारो. शेतात राबणाऱ्याने शिकायची कधी? म्हणून सेजोंगने १४४३ साली २८ अक्षरं तयार केली आणि १४४६मध्ये जाहीर केली. त्यांतली २४ आज वापरात आहेत.

ओठ मिटून ‘म’ म्हणा. त्याचं अक्षर म्हणजे तोंडाचा चौकोन. चौकोनाला वर दोन शिंगं फुटली की ‘ब’. आता तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘क’ म्हणा, मग ‘ख’. ‘ख’ला पट्टी जास्त हलली? हंगुलमध्ये ‘क’च्या अक्षरात एक रेघ वाढवली की ‘ख’सारखा आवाज होतो. श्वास जास्त, रेघ जास्त!

आपली क-ख-ग-घ, त-थ-द-ध ही रांगही तोंडातल्या जागेप्रमाणेच लावलेली आहे. पण आपल्या ‘त’कडे बघून जीभ कुठे टेकते ते कळत नाही. हंगुलमध्ये कळतं.

गंमत म्हणजे हे आकार असेच का, ते सांगणारं जुनं पुस्तक कितीतरी काळ बेपत्ता होतं. तोवर लोकांनी नाना तर्क लढवले. कुणी म्हणे, राजाने खिडकीच्या जाळीवरून अक्षरं काढली! १९४०मध्ये पुस्तक सापडलं, आणि त्यात चक्क जीभ, ओठ, दात, घसा!

आता ‘मीना’ लिहू या. चौकोन म्हणजे ‘म’. शेजारी उभी काठी, म्हणजे ताठ उभा माणूस. तो झाला ‘ई’. मग जिभेचा ‘न’, आणि पुन्हा एक काठी, पण हिला उजवीकडे छोटीशी डहाळी. हा ‘आ’. मीना तयार! आणि हे नाव कोरियातल्या मुलींचंही असतं बरं का.

‘कमळ’ लिहायचं तर मात्र पंचाईत आहे. हंगुलमध्ये ‘र’ आणि ‘ल’ मिळून एकच अक्षर, नागमोडी वळणाचं. ‘ळ’ला वेगळं अक्षरच नाही. मग आरशासमोर उभे राहा, ‘ळ’ म्हणा, जीभ कुठे वळते ते बघा, आणि काढा तुम्हीच!