स्नफर अडतो कुठे?

फॉर्म्युला १८ जातीची शर्यती कॅटामरान वाऱ्याला पाठ देऊन धावताना जवळून पाहिली, तर सगळ्यांत आधी नजरेत भरतं ते पुढे फुगलेलं रंगीत शीड. हे स्पिनेकर. या वर्गाच्या नियमांत त्याचे दोन आकार आहेत: हलक्या जोडीसाठी १९ चौरस मीटर आणि वजनदार जोडीसाठी २१. नौका जेमतेम साडेपाच मीटर लांब आणि वजनाला १८० किलोच्या आसपास. तिच्यावर एवढं कापड चढवायचं आणि खालचा बोया गाठायच्या आत ते उतरवून आत घ्यायचं, हे दोन माणसांना जमतं ते स्नफरमुळे. नौकेच्या पुढे निघालेल्या पोलला लावलेलं एक रुंद गोल तोंड, त्याच्या मागे ट्रॅम्पोलीनला धरून मागपर्यंत गेलेली कापडी नळी आणि शिडाला त्या नळीत खेचणारा दोर, एवढेच त्याचे भाग. पण नौका तयार करताना चुकीचे सल्ले मिळतात ते बहुतेक याच यंत्रणेबद्दल. त्यातले जे पुन्हा पुन्हा ऐकू येतात, त्यांच्याबद्दल इथे लिहितो आहे.

पहिला घोटाळा नावाचा. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मोठ्या नौकांवरही ‘स्नफर’ असतो, म्हणून दोन्ही एकच असं धरलं जातं. तिथे लांब पिशवी शिडावर वरून खाली ओढतात आणि शीड डोलकाठीजवळच उभं झाकलं जातं. शर्यती कॅटामरानवर पिशवी जागची हलत नाही, शीडच तिच्यात शिरतं. त्यामुळे प्रवासी नौकेच्या पुस्तकातली मापं आणि सूचना इथे लागू होत नाहीत.

‘स्नफर म्हणजे सोय. कसलेले खलाशी हातानेच शीड आवरतात.’

एकाच हलच्या नौकेवर पुढे जाऊन उभं राहायला डेक असतो. कॅटामरानवर पुढच्या आडव्या दांड्यापलीकडे दोन निमुळते हल आणि मधे पाणी. वेगात असताना तिथे वजन गेलं, तर नाळ पाण्यात घुसते आणि नौका पुढच्या पुढे उलटते. म्हणून शीड डोलकाठीच्या पायथ्याशी उभं राहूनच आवरावं लागतं. टॉर्नेडो ही कॅटामरान १९७६ ते २००८ या काळात ऑलिम्पिकमध्ये होती. सिडनी २००० नंतर तिला स्पिनेकर मिळालं आणि अथेन्स २००४ मध्ये ती त्यासह उतरली. रिओ २०१६ पासून तिच्या जागी आलेल्या नाक्रा १७ वर स्पिनेकर पहिल्यापासूनच आहे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय जोडीही याच नौकेवर होती. फॉर्म्युला १६ तर एकट्यानेही स्पिनेकरसह चालवता येते. या स्तरावर स्नफर हा नौकेच्या वेगाचाच भाग आहे. ज्याला आपलं शीड झटकन आत येईल याची खात्री असते, तो ते बोयाच्या अगदी जवळ येईपर्यंत ठेवतो. ज्याला ती नसते, तो आधीच उतरवतो आणि तेवढं अंतर गमावतो.

‘अडलं तर जोर लावा.’

हा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. जोर लावला की नायलॉन फाटतं, नाहीतर दोर अडकवायला शिडावर शिवलेल्या पॅचची शिवण उसवते. मूळ अडथळा मात्र जागेवरच राहतो. अडण्याचं कारण घर्षण असतं आणि ते नेमकं कुठे आहे हे किनाऱ्यावर शोधून काढता येतं.

आधी शीड सोडवून बाजूला ठेवा आणि नुसता दोर नळीतून व सगळ्या कप्प्यांतून फिरवा. तो दोन बोटांनी ओढला जायला हवा. जड गेला, तर दोष कप्पीत किंवा दोराच्या वळणात आहे. नळीच्या मागच्या टोकाची कप्पी नळीच्या मध्यरेषेत आहे ना ते पाहा. ती एका अंगाला असेल, तर दोर नळीच्या कडेवर घासतो. नुसता दोर मोकळा धावत असेल, तर शीड परत बांधा, हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, ढिला ठेवा, एकाने कापड हाताने तोंडात सोडावं आणि दुसऱ्याने ओढावं. इथे अडलं, तर दोष नळीत. बहुतेकदा नळी सैल बसवलेली असते. शीड आत येताना तीही चुण्या पडून मागे सरकते आणि कापड त्या चुण्यांत रुततं. नळीचं मागचं टोक ताणून बांधलं की हे थांबतं. हेही सुरळीत झालं, तर उरतं तोंड. त्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवा. एखादा वर आलेला रिव्हेट किंवा टेपचं सुटलेलं टोक डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र लगेच लागतं. ओलं नायलॉन नेमकं तिथेच पकडलं जातं.

‘पॅच कुठेही लावा, दोर बांधायला जागा मिळाली की झालं.’

खरं गणित इथे आहे. ओढायचा दोर तोंडातून निघतो, शिडाच्या खालच्या पॅचवरच्या कडीतून मोकळा जातो आणि सगळ्यांत वरच्या पॅचला बांधलेला असतो. ओढल्यावर सगळे पॅच तोंडापाशी एकत्र येतात आणि त्या गठ्ठ्यामागून उरलेलं कापड आत येतं. म्हणजे गठ्ठा नळीच्या मागच्या टोकाला पोचला, की पॅचपासून सर्वांत दूरचा कोपरा तोंडाच्या आत आलेला असला पाहिजे.

समजा तोंडापासून मागच्या टोकापर्यंत नळी तीन मीटर आहे. मग वरच्या पॅचपासून शिडाचा माथा तीन मीटरच्या आत हवा. खालच्या पॅचपासून दोन्ही खालचे कोपरेही तेवढ्याच अंतरात हवेत. वरचा पॅच फार खाली असेल, तर माथ्याकडचं कापड बाहेर लोंबत राहतं, पुढची लाट ते भिजवते आणि परत बाहेर खेचते. फार वर असेल, तर दोन पॅचमधलं अंतर वाढतं, मधल्या कापडाचा फुगा होतो आणि तोंडाशी गर्दी होते. तिसरा पॅच लावतात तो यासाठीच. पॅच लावायचे शिडाच्या त्या अंगाला, ज्या अंगाला तोंड पोलपाशी बसवलेलं आहे, म्हणजे दोर शिडाला वळसा घालत नाही. नवं शीड घेताना जुन्या शिडावरची मापं डोळे झाकून उतरवू नका. आधी नळी मोजा, मग पॅचच्या जागा ठरवा.

‘चढवायचा आणि उतरवायचा दोर वेगळा असलेला बरा.’

शर्यती नौकांवर तो सहसा एकच अखंड दोर असतो. हॅलयार्डचा खालचा भाग मागे जाऊन नळीत शिरतो आणि तोच ओढायचा दोर होतो. माथा वर चढतो तेव्हा वरचा पॅचही दोर घेऊन नळीबाहेर पडतो, म्हणून एका टोकाकडून जितका दोर मोकळा होतो, जवळपास तितकाच दुसरीकडे खपतो. उरलेला थोडा ढिलेपणा इलॅस्टिकची दोरी सावरते. दोर आखूड आहे की नाही हे शीडच सांगतं: पूर्ण चढवल्यावर पॅचपाशी खळगा पडला, तर दोर शिडाला मागे ओढतो आहे. उलट, लांब दोराचा फास ट्रॅम्पोलीनवर पडून राहतो आणि त्यात पाय अडकतो.

‘उतरवताना आधी हॅलयार्ड सोडा.’

आधी सोडला, तर शीड पुढे पाण्यात पडतं आणि नौका त्याच्यावरून जाते. सुकाणू धरणाऱ्याने नौका आणखी वाऱ्याबरोबर वळवावी, म्हणजे स्पिनेकर मुख्य शिडाच्या आडोशाला येऊन ढिलं पडतं. क्रूने शीट, म्हणजे शीड ताणून धरणारी दोरी, पायाखाली दाबून धरावी, ओढायच्या दोराचा ढिलेपणा खेचून घ्यावा आणि शिडाचा खालचा भाग तोंडाशी आला, की मगच क्लीटमधून हॅलयार्ड मोकळा करावा. त्यानंतर मधे थांबायचं नाही, हातावर हात टाकत ओढत राहायचं. अनेक नौकांवर टॅकचा, म्हणजे शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याचा, दोर हॅलयार्डलाच जोडलेला असतो. तिथे एक क्लीट सोडली, की दोन्ही सुटतात.

निसरडा फवारा मारला की सगळं सुटतं, असंही बरेच जण मानतात. तोंडाच्या कडेला कोरडा फवारा मदत करतो, पण खारं शीड त्याने सरकत नाही. कापडात वाळलेलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, ओलं शीड रात्रभर नळीत ठेवू नका.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना, नौका वाळूवर धरायला दोन माणसं बोलवा आणि शीड चढवून उतरवून पाहा. ते पूर्ण चढल्यावर क्लीटपाशी दोरावर मार्करने खूण करा. दुसऱ्या दिवशी पाण्यावर ती खूण क्लीटला लागली, म्हणजे शीड पूर्ण चढलं. वर पाहण्यात वेळ घालवावा लागत नाही.