पाण्याचा जिना

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून महाराष्ट्र त्याला ओळखतो. परंतु त्याहूनही फार पूर्वी, सुमारे दोन हजार वर्षांमागे, हे गाव ‘तगर’ या नावाने समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. त्या काळी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका सागरप्रवासाच्या पुस्तकात तगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे त्यात सांगितले आहे. तगराचे सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, जेथे धड रस्ताही नव्हता अशा मुलखातून भडोचला नेत असत.

हा मजकूर वर्गात सांगितला, की मी मुलांना एक प्रश्न विचारीत असे. “नदी तर गावाच्या दाराशी होती, मग व्यापाऱ्यांनी नावा का केल्या नाहीत? महिनाभर बैलांना का दमविले?” यावर एक मुलगा हटकून म्हणे, “गुरुजी, ही नदी भडोचला जातच नाही!” ते खरेच होते. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राकडे जाते. मग मी म्हणे, “ठीक आहे. पूर्वेच्या समुद्रावरही बंदरे होतीच की! तिकडे नावा का गेल्या नाहीत?” मग दोन उत्तरे येत. कोणी म्हणे, “नदीत खडक आहेत, नाव फुटेल.” कोणी म्हणे, “उन्हाळ्यात नदीला पाणीच कोठे असते?” ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यांपैकी पहिल्या अडचणीवर माणसाने मोठी नामी युक्ती शोधून काढली. दुसऱ्या अडचणीपुढे मात्र ती युक्ती हरली. आज आपण त्या युक्तीची हकीकत पाहू.

दख्खनच्या पठारावरून समुद्राकडे जाणारी नदी सारख्या उताराने वाहत नाही. काही मैल ती संथ चालते. मग एखादा खडकाचा पट्टा आडवा येतो आणि ती खळखळत खाली उतरते. पुन्हा संथ, पुन्हा खडक. जणू ती जिन्याच्या पायऱ्या उतरते. नाव उतरू लागली तर आपटेल, आणि चढण्याची तर गोष्टच नको. मग नावेला पायरी कशी चढवावी?

चीन देशात पूर्वी कालव्यांच्या चढावर नावा दोरांनी ओढून उतरणीवरून पलीकडे नेत. त्यात नावा मोडत. मोडलेल्या नावेतील सरकारी धान्य त्या गडबडीत चोर लांबवीत. ही चोरी थांबवावी म्हणून चिआव वेइ-य्युए या अधिकाऱ्याने इ. स. 984 मध्ये एक निराळी रचना केली. त्याने कालव्यात सुमारे पन्नास पावलांच्या अंतरावर दोन दारे बसविली. दोन दारांच्या मध्ये पाण्याची एक खोली तयार झाली. अशा खोलीला आपण जलपाश म्हणतो. इंग्रजीत तिला ‘लॉक’ म्हणतात. लॉक म्हणजे कुलूप. पाण्याला घातलेले हे कुलूपच होय.

ते चालते असे. समजा, एक नाव खालच्या पाण्यातून वर जाणार आहे. खोलीचे वरचे दार बंद आहे, खालचे उघडे आहे आणि खोलीतले पाणी खालच्या पाण्याच्या पातळीला आहे. नाव आत येते. तिच्या मागे खालचे दार बंद करतात. मग वरच्या दारातील लहान झडपा उचलतात. वरचे पाणी हळूहळू खोलीत शिरते; पाणी चढते आणि पाण्याबरोबर नावही चढते. खोलीतले पाणी वरच्या पाण्याच्या बरोबरीला आले, की वरचे दार उघडते आणि नाव वरच्या पायरीवर निघून जाते. उतरायचे असेल तर सारे उलट क्रमाने. नावाड्याला वल्हे मारावे लागत नाही, बैल जुंपावे लागत नाहीत. सारे काम पाण्याचे वजन करते.

या दारांतही एक गंमत आहे. दोन झडपांचे दार सरळ रेषेत मिटत नाही. त्या झडपा वरच्या पाण्याकडे टोक करून, हातांचे तळवे जोडल्यासारख्या, एकमेकींना टेकतात. वरचे पाणी जितका जोर करील तितके ते टोक घट्ट बसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील मिलान शहराच्या कालव्यांवर अशी दारे बसली. त्यांचे श्रेय लिओनार्दो दा विंची या चित्रकाराला देतात. दार चार मीटर रुंद, वरच्या अंगाला दोन मीटर खोल पाणी आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही, असे धरले तर दारावर सुमारे आठ टनांचा रेटा येतो. म्हणून दोन्ही बाजूंचे पाणी सारखे होईपर्यंत दहा माणसांनी खांदा लावला तरी दार हलत नाही. आणि पाणी सारखे झाले, की एकच माणूस लांब दांड्याला पाठ लावून ते उघडू शकतो.

ही युक्ती गोदावरीवर कशी आली, ती हकीकत अशी. 1833 साली आंध्रातील गुंटूर भागात भयंकर दुष्काळ पडला. माणसे हजारोंनी मेली. शेजारचा गोदावरीचा मुलूखही पुरांनी आणि अवर्षणांनी खिळखिळा झाला होता. एवढी मोठी नदी दाराशी असून शेते कोरडीच राहत. सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअराने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम् येथे नदीला बांध घालावा असे सुचविले. काम 1847 साली सुरू झाले आणि 1852 साली पुरे झाले. नदी तेथे बेटांसह सुमारे सहा किलोमीटर रुंद आहे आणि तळाला खडक नाही, वाळू आहे. वाळूवर बांध उभा करण्याची विद्या कॉटनने कावेरीवरच्या प्राचीन कल्लणै बांधावरून घेतली होती. तो बांध आपल्याच देशातील कारागिरांनी शतकानुशतके आधी घातला होता, हे विसरता कामा नये. धवळेश्वरमला वीणम् वीरण्णा हे कॉटनचे मोठे साहाय्यक होते. हजारो मजूर जमविणे आणि त्यांना कामावर टिकविणे हे त्यांचे काम होते.

बांधाच्या दोन्ही टोकांपासून आणि मध्यल्या बेटापासून कालवे निघाले. जेथे कालवा नदीपासून फुटतो तेथे आणि पुढे जेथे जमीन उतरते तेथे जलपाश बांधले. त्यामुळे त्याच कालव्यांतून शेतालाही पाणी मिळू लागले आणि भाताच्या पोत्यांनी लादलेल्या नावाही काकिनाडा बंदरापर्यंत जाऊ लागल्या. जेथे पूर्वी दुष्काळ पडे तो प्रदेश भाताचे कोठार झाला.

आता या जलपाशावरच्या माणसांकडे पाहू. तिकडे त्यांना ‘लस्कर’ म्हणतात. हा शब्द आपल्याला ‘लष्कर’ म्हणून ठाऊक आहे. पण हे लस्कर लढणारे नव्हेत, पाणी राखणारे. नाव आली की परवाना पाहणे, तिला खोलीत नीट बांधून घेणे, झडपा उचलणे, दार उघडणे, हे त्यांचे रोजचे काम. वरवर पाहता ते सोपे वाटते. पण झडप एकदम पुरी उचलली, तर पाणी उसळून शिरते आणि नाव भिंतीवर आपटते. बांधलेला दोर वेळेवर सैल केला नाही, तर पाणी उतरताना नाव दोराला लटकून कलते. आणि दोन्ही दारे एकाच वेळी उघडणे हे तर त्यांच्या धंद्यातले महापाप. तसे झाले तर वरचे पाणी लोंढ्याने खाली धावेल. नावही जाईल आणि दारही जाईल.

याहून अवघड असे आणखी एक काम त्यांच्याकडे असते. ते म्हणजे पाण्याचा हिशेब. तीस मीटर लांब, सहा मीटर रुंद अशी खोली दोन मीटर भरावयाची, तर तीन लाख साठ हजार लिटर पाणी लागते. प्रत्येक खेपेला तेवढे पाणी वरून खाली जाते आणि ते परत वर येत नाही. म्हणून शहाणा लस्कर घाई करीत नाही. वरून उतरणारी एक नाव खोलीतून बाहेर पडली, की खोली खालच्या पातळीला रिकामी असते. तेव्हाच खालून चढणारी नाव आत घेतली, तर पुढच्या एकाच भरणीत काम होते. एकाच बाजूच्या दोन नावा ओळीने सोडल्या, तर पाणी दुप्पट खर्ची पडते. चढणारी नाव दिसत नसेल, तर उतरणाऱ्या नावाड्याला तो थांबवून ठेवतो. नावाडी चिडतो, त्याचा माल खोळंबतो. पण खाली शेतकरी आपल्या रोपाला पाणी येण्याची वाट पाहत असतो. पावसाळ्यात पाणी मुबलक असते, तेव्हा कोणाचीच तक्रार नसते. ही ओढाताण होते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. मला वाटते, हिशेबाच्या तासाला हे उदाहरण घालण्यासारखे आहे. आमच्या वेळच्या अंकगणितातील गळक्या हौदापेक्षा ते खासच बरे.

धवळेश्वरमच्या यशाने लोकांची उमेद वाढली. नदीला जिना बसविता येतो, तर तो थेट वर विदर्भापर्यंत का नेऊ नये? त्या वेळी हिंगणघाटच्या परिसरातील कापूस नामांकित होता. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे तेथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. ही वाट नावांना मोकळी झाली, तर कापूस पाण्यावरून थेट पूर्वसमुद्राला पोचेल, असा बेत ठरला. वाटेत खडकांचे तीन मोठे अडसर होते. खालून पहिला दुम्मगुडेम येथे, दुसरा इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देवलमरीजवळ. कॅप्टन हेग या इंजिनिअराकडे काम सोपविले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांनी त्याचा पाठपुरावा केला.

दुम्मगुडेम येथे बांध घातला, खडकांना वळसा घालणारा कालवा खणला आणि जलपाश बांधला. दाट जंगल, हिवताप आणि गाववस्ती विरळ, असा तो प्रदेश. तेथे मजूर टिकत नसत. तरीही माणसांनी काम रेटले. पण मूळ अडचण खडकांची नव्हती. खडकांचा बंदोबस्त पैशाने आणि घामाने होत होता. अडचण पाण्याची होती. पावसाळ्यात ही नदी काठ फोडून धावते. तेव्हा तिच्यात नाव घालणे म्हणजे जिवाशी खेळ. आणि पुढे उन्हाळ्यात ती वाळूतल्या धारेएवढी होते. मधले थोडे महिने तेवढे उपयोगाचे. खोली आहे, दारे आहेत, लस्कर आहे. पण खोलीत ओतायला वरच्या अंगाला पाणीच नाही, तर नावेने काय करावे?

इतक्यात 1867 साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी आली. तिला उन्हाळा काय आणि पावसाळा काय! कापूस आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. अखेर 1871 साली सरकारने वरच्या गोदावरीचे काम सोडून दिले. कॉटन त्यानंतरही अनेक वर्षे सांगत राहिला, की लोखंडी रस्त्यापेक्षा पाण्याचा रस्ता स्वस्त पडतो. खालच्या सपाट मुलखात, जेथे कालव्याला पाणी आणि नावेला माल होता, तेथे त्याचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले. वरच्या मुलखात मात्र ते लागू पडले नाही. एवढ्या मोठ्या इंजिनिअरालाही आपली युक्ती कोठे थांबते ते ओळखणे अवघड गेले, याचे मला नवल वाटत नाही. ज्याला एका ठिकाणी यश आले, त्याला दुसरे ठिकाण तसेच दिसते.

गोदावरीच्या मुखाकडील कालव्यांतून पुढेही अनेक वर्षे नावा चालत राहिल्या. नंतर पक्के रस्ते आणि मालमोटारी आल्या आणि नावा कमी झाल्या. कॉटनचा जुना बांध थकल्यावर त्याच्याजवळच नवा बंधारा उभा राहिला. त्याला त्याचेच नाव दिले आहे. 2008 साली काकिनाडा ते पुदुच्चेरी या जुन्या कालव्यांच्या मार्गाला, गोदावरी आणि कृष्णा यांच्या काही भागांसह, राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केले. गंगेवर फराक्का येथे जलपाशातून मोठ्या नौका आजही चढतात आणि उतरतात.

आणि आपली तेरणा? आता तिच्यावर तेरजवळ एक धरण आहे, आणखी खाली लोहारा तालुक्यात माकणी येथे दुसरे आहे. बहुतेक वर्षी तिचे पाणी तेथेच शेतांसाठी अडते. एखाद्या वर्षी पाऊस दणकून झाला, की धरणांची दारे उघडतात. मग ते पाणी मांजरेत उतरते, मांजरेतून गोदावरीला जाते आणि वाटेतल्या धरणांतून जे सुटेल ते सिरोंचावरून, दुम्मगुडेमच्या जुन्या बांधावरून, धवळेश्वरमपर्यंत पोचते.