मुलाचा खाऊ, कुत्र्याचे विष

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र व अश्वशास्त्र यांवरील हस्तलिखिते आजही जपून ठेवलेली आहेत. दुसऱ्या सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणे जनावरांसाठीही औषधे तयार होत. मात्र राजे १८३२ साली निवर्तले आणि खाण्याची चॉकलेटची वडी इंग्लंडातील फ्राय यांच्या कारखान्यात निघाली ती १८४७ साली. तेव्हा आजच्या आमच्या विषयाशी त्या वैद्यांची गाठ पडण्याचे कारणच नव्हते.

आता दिवाळीला आणि पोंगलला घरोघर चॉकलेटचे डबे येतात. मूल अर्धी वडी आपण खाते व उरलेली दारच्या कुत्र्यापुढे धरते. मुक्या जनावराला आपल्यातला घास द्यावा, हे आपणच त्याला शिकविलेले असते. म्हणून रागावण्यापेक्षा कारण समजावून सांगणे बरे.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. माणसाच्या शरीरातून त्याचा निचरा त्या मानाने लवकर होतो. कुत्र्याच्या रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यासच सुमारे सतरा-अठरा तास लागतात आणि तोवर त्याचे हृदय व मज्जातंतू चेतविले जात राहतात. चॉकलेट जितके काळे व कडू, तितके ते घातक. दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दुधाचे चॉकलेट शंभर ग्रॅमच्या आसपास पोटात गेल्यास त्रास होऊ लागतो. काळ्या चॉकलेटचे चाळीस ग्रॅम त्यास पुरतात, आणि केकसाठी आणलेली कोकोची पूड तर दहा ग्रॅमही पुष्कळ झाली. तीन किलोच्या पामेरियनचा हिशेब वाचकांनीच करावा.

कॉफीतील कॅफिन हे याच द्रव्याचे भावंड. कुंभकोणमची डिग्री कॉफी ज्या जिल्ह्याची, तेथील गृहिणींना हे सांगितलेच पाहिजे. गाळणीतील चोथा परसात उघडा टाकू नये. त्यात कॅफिन शिल्लक असते.

लक्षणे बहुधा दोन ते बारा तासांत दिसू लागतात. प्रथम ओकारी, जुलाब, फार तहान. मग कुत्रा एका जागी बसत नाही, धापा टाकतो, छाती धडधडते. विष अधिक असेल तर अंग थरथरते, झटके येतात, आणि क्वचित प्राणही जातो. लक्षणे दिसण्याची वाट पाहणे हीच यातली मोठी चूक होय. यावर उतारा असे औषध नाही. वेळेत नेल्यास पशुवैद्य ओकारी करवितात, कोळशाची औषधी पूड देतात, शिरेतून द्रव देतात व हृदयाकडे लक्ष ठेवतात. घरी मिठाचे पाणी पाजण्याचा उपाय मुळीच करू नये, त्याने मिठाचीच बाधा होते.

तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतर गावी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. निघताना चॉकलेटचे वेष्टन बरोबर घ्यावे आणि कुत्र्याचे वजन व त्याने केव्हा, किती खाल्ले हे सांगावे. शेवटची माहिती बहुधा मुलाकडूनच मिळते, आणि मार बसेल या भीतीने ते ती लपविते.