टोपी त्यांची, सूर कुणाचे?

कॉलेजची ट्रिप आहे, बस घाटात शिरलीय, अंताक्षरीचा दम संपलाय. मागच्या सीटवर कुणीतरी गिटार काढतं आणि ‘कंट्री रोड्स’ सुरू होतं. कडव्यांचे शब्द अर्धेमुर्धेच येतात, पण कोरसला अख्खी बस गाते. जॉन डेन्व्हरचं हे गाणं १९७१चं. ते वेस्ट व्हर्जिनियाचं गुणगान करतं आणि २०१४मध्ये त्या राज्याने त्याला अधिकृत राज्यगीताचा मानही दिला. गंमत म्हणजे ते लिहायला घेणाऱ्या बिल डॅनॉफने तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलंच नव्हतं! त्याला ते सुचलं मेरीलँडमधल्या एका रस्त्याने जाताना.

थोडक्यात काय, कंट्री म्युझिक तुम्ही आधीच ऐकलंय, गायलंयसुद्धा. आता तुमच्यापैकी बरेच जण एमएससाठी अमेरिकेत जाणार. तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात एखादा रूममेट विचारेल, ‘कंट्री कॉन्सर्टला येणार का?’ तेव्हा ‘छे, ते आपलं नाही’ असं म्हणून खोलीत बसू नका. जा. त्यातही नॅशव्हिल गाठता आलं तर सोन्याहून पिवळं.

टेनेसी राज्यातलं हे शहर म्हणजे कंट्रीची पंढरी. दर जूनमध्ये तिथे चार दिवस ‘सीएमए फेस्ट’ भरतो. १९७२मध्ये ‘फॅन फेअर’ या नावाने तो सुरू झाला. रात्रीचे मोठे शो तिकीट काढून, पण दिवसभर कंबरलँड नदीच्या काठावर उघड्यावरच्या स्टेजवर जे चालतं ते चक्क फुकट. स्टुडंट बजेटवाल्यांनो, हे लक्षात ठेवा.

उन्हाळा तिथला तसा आपल्या मे महिन्यासारखाच. घामाच्या धारा, चिकचिक, आणि मधूनच ढग भरून आले की विजा. विजा जवळ आल्या तर शो थांबवतात, म्हणून चिडू नका. सूर्य मावळायला रात्रीचे आठ वाजतात, त्यामुळे ‘संध्याकाळ’ लांबलचक असते. पाणी भरपूर प्या, बॅग पारदर्शक लागते का ते आधी तपासा, स्पीकरजवळ उभं राहणार असाल तर कानात घालायला इअरप्लग ठेवा. बूट आणि काउबॉय टोपी नसली तरी काही बिघडत नाही. लाइन डान्स सुरू झाला की मागच्या रांगेत उभं राहा आणि पुढच्याचे पाय बघा. ज्याला गरब्याच्या गोलात शिरता येतं, त्याला हेही जमतं.

तरीही आजूबाजूला टोप्याच टोप्या दिसल्या की मनात येईल, आपण इथे पाहुणे. अशा वेळी जरा स्टेजवरच्या वाद्यांकडे बघा.

तो टणटण वाजणारा बँजो आहे ना, त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत रुजवलं. फिडल युरोपातून स्थलांतरितांसोबत आलं. आणि काळजाला घर पाडणारा तो लांब, ओला सूर? ती स्टील गिटार. तिचा जनक मानला जातो तो हवाई बेटांवरचा जोसेफ केकुकू नावाचा मुलगा. हाच सूर तुम्ही आजीच्या रेडिओवर ऐकलाय, कारण जुन्या हिंदी गाण्यांतली ‘हवाईयन गिटार’ ती हीच. तिच्याच घराण्यातल्या मोहनवीणेवर विश्वमोहन भट्ट यांनी राय कूडरसोबत अल्बम केला आणि १९९४मध्ये ग्रॅमी मिळवलं.

अजून एक. कंट्रीचा पहिला मोठा स्टार जिमी रॉजर्स. रेल्वेत काम करणारा माणूस, १९२७मध्ये त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि त्याच्या यॉडलिंगने लोकांना वेड लावलं. आपल्या किशोरकुमारांनी यॉडलिंग उचललं ते रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या रेकॉर्ड ऐकून, असं सांगतात. मग पाहुणं कोण आणि घरचं कोण?

हा प्रश्न तिथल्या लोकांनाही सुटलेला नाही. नॅशव्हिलच्याच ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या ताऱ्यांपैकी एक होता डीफोर्ड बेली. माउथ ऑर्गनवर तो आगगाडीचा हुबेहूब आवाज काढायचा. तो कृष्णवर्णीय होता. १९४१मध्ये त्याला काढून टाकलं आणि पुढे त्याच शहरात बूटपॉलिशचं दुकान चालवून त्याने पोट भरलं. कंट्रीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव लागलं २००५मध्ये. तेव्हा त्याला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय गायक १९६६मध्ये आला, तेव्हा रेकॉर्ड कंपनीने सुरुवातीच्या गाण्यांसोबत त्याचा फोटोच पाठवला नाही. आवाज चालेल, चेहरा नको!

आता चित्र हलतंय. ट्रेसी चॅपमनचं १९८८चं ‘फास्ट कार’ ल्यूक कॉम्ब्सने २०२३मध्ये गायलं आणि कंट्रीच्या गर्दीने ते डोक्यावर घेतलं. त्या वर्षी सीएमएचा ‘साँग ऑफ द इयर’ पुरस्कार चॅपमनला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. पुढे बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला २०२५मध्ये सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि ‘हे कंट्रीच नाही’ म्हणून वादही झाले.

वाचताना ‘अरेरे, अमेरिका’ असं वाटलं असेल तर थांबा. विसर्जनाच्या मिरवणुकीत हलगी कडाडली की आपले पाय थांबत नाहीत. गोंधळात संबळ घुमला की अंगावर काटा येतो. त्याचे रील आपण टाकतो, लाइक आपण मिळवतो. पण वाजवणाऱ्याचं नाव कधी विचारलंय? तो कोणत्या वस्तीतून येतो, सुपारी किती मिळते, मिरवणूक संपल्यावर त्याला पंगतीत कोण बसवतं, हे आपल्याला ठाऊक आहे?

म्हणून त्या नदीकाठच्या संध्याकाळी कोरसला जरूर गा, नाचा, घसा बसेपर्यंत ओरडा. फक्त एक करा. गायक जेव्हा वादकांची ओळख करून देतो, तेव्हा लोक सहसा थंड पेय आणायला उठतात. तुम्ही उठू नका. मागे कोपऱ्यात बसून स्टील गिटार वाजवणाऱ्याचं नाव नीट ऐका आणि टाळी जरा जास्त वाजवा.

आणि हो, अमेरिकेला जायला अजून अवकाश असेल, तर सराव इथेच करता येईल. यंदाच्या मिरवणुकीत हलगीवाल्याचं नाव विचारा. रील टाकाल तेव्हा ते नाव सगळ्यात वर लिहा.