पहिल्या चेंडूनंतरचे 419 चेंडू

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर घेत मुंबईकडे निघालेली लोकल कल्याण, ठाकुर्ली मागे टाकून डोंबिवलीत शिरते. कसोटीत आपल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा पहिला भारतीय गोलंदाज याच गावात जन्मला. नाव नीलेश कुलकर्णी, उंचापुरा डावखुरा फिरकीपटू. त्याची सगळी कसोटी कारकीर्द तीन सामन्यांची. बळी दोन, सरासरी 166.

हा आकडा वाचून हसू येतं. पण तो उलगडून पाहिला की थक्क व्हायला होतं.

ऑगस्ट 1997, कोलंबोचं प्रेमदासा स्टेडियम. भारताने 8 बाद 537 वर डाव सोडलेला. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस नीलेशच्या हाती चेंडू आला. पहिलाच चेंडू, मार्वन अटापट्टूच्या बॅटची कड आणि यष्टिरक्षक नयन मोंगियाच्या हातात झेल! त्यानंतर जयसूर्या आणि महानामा तिसरा अख्खा दिवस खेळले, चौथाही खेळले. 576 धावांची भागीदारी झाली. श्रीलंकेने 6 बाद 952 केल्या. कसोटीतला हा उच्चांक अजून कुणी मोडलेला नाही. नीलेशने 70 षटकं टाकली, 195 धावा दिल्या. पहिल्या चेंडूवर बळी मिळाला, पुढच्या 419 चेंडूंवर एकही नाही.

आता त्याच डावातलं दुसरं नाव पाहा. अनिल कुंबळे : 72 षटकं, 223 धावा, एक बळी. म्हणजे त्या पाटा खेळपट्टीवर नवख्या नीलेशने षटकामागे कुंबळेपेक्षा कमी धावा दिल्या होत्या. तरी कुंबळेची कारकिर्दीची सरासरी तिशीच्या आत राहिली, कारण 132 कसोटींच्या आणि 619 बळींच्या ढिगाऱ्यात ते 223 कुठल्या कुठे बुडाले. नीलेशच्या 195 धावा बुडवायला दोनच सामने उरले होते. सरासरीचं गणित असंच चालतं : सामने थोडे असले की एक वाईट दिवस सगळी कारकीर्द व्यापून टाकतो. ती संख्या त्या दिवसाचं वर्णन करते, माणसाच्या कसबाचं नाही.

कसबाचा हिशेब दुसरीकडे सापडतो. नीलेशच्या नावावर प्रथम श्रेणीत साडेतीनशेहून अधिक बळी आहेत. मुंबईच्याच पद्माकर शिवलकरांनी तर 589 घेतले आणि त्यांच्या वाट्याला एकही कसोटी आली नाही. त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते, त्यांचा काळ आडवा आला. 1932 पासून आजवर भारताकडून कसोटी खेळलेले जेमतेम तीनशेच्या वर. तीन आणि एकशे बत्तीस यांत मोठं अंतर आहेच, पण शून्य आणि तीन यांतलं त्याहून मोठं. दार कसबाशिवाय उघडत नाही. पण ते उघडतं का आणि आत किती वेळ राहायला मिळतं, हे खेळपट्टी, प्रतिस्पर्धी आणि त्या जागेवर आधीच बसलेला माणूसही ठरवतो. ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायननेही 2011 मध्ये गॉलला पहिल्याच चेंडूवर संगकाराला बाद केलं. सुरुवात नीलेशसारखीच, पण पुढे पाचशेहून अधिक बळी.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी मात्र आत क्षणभरच राहिलेल्या अशा एकाला फार जपलंय. 29 जून 1905 रोजी आर्ची ग्रॅहम न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना खेळला, तोही शेवटी-शेवटी क्षेत्ररक्षणापुरता. बॅट घेऊन उभं राहायची पाळीच आली नाही. पुढे तो मिनेसोटातल्या चिझमचा डॉक्टर झाला. नीलेशनेही पुढे वेगळी वाट धरली. त्याने 2010 मध्ये मुंबईत क्रीडा व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. 2020 मध्ये तिला राष्ट्रीय खेल प्रोत्साहन पुरस्कार मिळाला. मैदानातला तीन कसोटींचा अनुभव वर्गात कितीतरी जणांना पुरतो आहे.

म्हणून कुणाचीही आकडेवारी पाहताना सरासरीच्या आधी सामन्यांचा रकाना वाचावा. तिथे एक किंवा तीन दिसले, तर निकाल देण्याची घाई करू नये.